तिसरी हाक

घंटी वाजली तसे बाकीच्या बाराही जणांनी डोळे उघडले. विनुताने उघडले नाहीत. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "हिला साधलं," शेजारची बाई तमिळमध्ये कुजबुजली. ध्यान शिकवणारे सीतारामराव, कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक, बाकीच्यांना निरोप देत राहिले. सगळे चपला घालून गेल्यावर ते तिच्यासमोर येऊन बसले.

"काय दिसलें?"

"दिसलें नाही, सर. ऐकू आलें." तिने पदराने तोंड पुसलं. "त्या दुपारीं मी निजलें नव्हतें."

कोणती दुपार, हे त्यांना ठाऊक होतं. तंजावूरच्या मराठी घरांत ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. विनुताच्या सासूबाई, अंबाबाई, अर्धांगवायूने नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. विनुता पहाटे उठून त्यांचं अंग पुसायची, भरवायची, साडेनऊला सांभाळणाऱ्या बाईच्या हवाली करून टाउन बस पकडायची आणि सरकारी कार्यालयात आवक टपालावर शिक्के मारायची. संध्याकाळी परत तेच. गेल्या वर्षी आषाढात ती बाई आली नाही, म्हणून विनुताने रजा घेतली. दुपारी शेजारच्या खोलीत जरा आडवी झाली. चारला उठून बघते तो सासूबाई गेलेल्या. 'डोळा लागला होता,' असं तिने सगळ्यांना सांगितलं. कुणी बोल लावला नाही. हृदय बंद पडलं, उठली असतीस तरी काय केलं असतंस, असं डॉक्टरही म्हणाले.

पण त्यानंतर तिची झोप उडाली. कुणी तरी ध्यान सुचवलं. "श्वास पाहा. जें येईल तें येऊं द्या, हाकलूं नका," सीतारामराव सांगायचे. पहिले काही महिने कार्यालयातली फायलींची कटकट आणि गुडघ्याची कळ, एवढंच आलं. मग हळूहळू मन इतकं निवळलं, की रस्त्यावरचा एकेक आवाज वेगळा ऐकू यायला लागला. आणि आज ती दुपार अख्खी समोर उभी राहिली. पंख्याची टकटक. भिंतीवरचं कॅलेंडर. त्याच्यावरच्या तारखा तिने वाचल्या होत्या, म्हणजे डोळे उघडेच होते. पलीकडून हाक आली, "विनुता." थोड्या वेळाने पुन्हा, "विनुता." आणि ती मनाशी म्हणाली होती, पाच मिनिटं. पाच मिनिटं मी कुणाची नाही. न उठण्यात किती सुख होतं, तेसुद्धा तिला जसंच्या तसं आठवलं.

"लोकांस सांगून सांगून मलाच तें खरें वाटत होतें," ती म्हणाली.

सीतारामरावांनी सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "यानें शांती येते, असें मी सगळ्यांना सांगतों. तुम्हांला तसें सांगवत नाही."

"मग येणें बंद करूं?"

"करा हवें तर. पण कळलें तें कळलें."

तीन आठवड्यांनी वर्षश्राद्ध होतं. आदल्या दिवशी नणंद भुवना ओरत्तनाडूहून आली. ती तिथे शाळेत शिकवायची. येताना तिने विनुतासाठी रेशमी साडी आणली होती. "उद्यां सगळ्यांसमोर तुज देणार, वैनी. माझ्या आईचें तूं केलेंस, तें मी पोटची लेक असून केलें नाही."

विनुताने नवऱ्याला सगळं आधीच सांगितलं होतं. मुरलीकृष्ण तेव्हा म्हणाला होता, "उगी राहा. आई गेली. आतां भुवनास कां दुखवतेस?" त्याचं खोटं नव्हतं, म्हणून ती इतके दिवस उगी राहिली होती. पण स्वयंपाकघरात भुवनाने ती साडी तिच्या खांद्याला लावून पाहिली, आणि विनुताला ती सोसवेना. तिने ती खांद्यावरून काढून बाजूला ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

ओट्यावरची कॉफी निवून गेली.

"किती वेळां हाक मारली?" भुवनाने विचारलं.

"तीन वेळां."

"तिसऱ्या हाकेस तरी उठायचें होतेंस."

"तिसरी माझी नव्हती." विनुता थांबली. "'भुवना' म्हणाल्या. रागानें नव्हे. तूं दारांत उभी आहेस आणि आंत बोलावतात, तशा."

भुवना खाली बसली. ओरत्तनाडू बसने तासाभराच्या वाटेवर. वर्षाकाठी दोनदा ती यायची.

"हें मज कां सांगितलेंस, वैनी?"

"साडी घेववेना."

"मग साडी नको, एवढेंच म्हणायचें होतेंस." तिने साडी पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी पंगत झाली. सांबशिव चुलत्यांनी विचारलं, "साडी दिलीस काय?" भुवना पानावरून मान वर न करता म्हणाली, "घरांतच दिली." आणि सगळ्यांनी विनुताकडे कौतुकाने पाहिलं. निघताना भुवना भावाच्या पाया पडली. विनुताला 'येतें' म्हणाली नाही.

विनुता रोज पहाटे ध्यानाला जात राहिली. शांती आली नाही. झोप मात्र यायला लागली, थोडी थोडी.

सव्वा महिन्याने, टपालाचा गठ्ठा सोडत असताना, तिचा फोन वाजला. भुवनाचं नाव पाहून ती उठून व्हरांड्यात गेली.

"वैनी, कामांत आहेस?"

"नाही. बोल."

पलीकडून शाळेतल्या पोरांचा गलका येत होता. "ती कशी म्हणाली, तें पुन्हा सांग."

विनुताने डोळे मिटले. वाट पाहिली. मग जिभेला जडपणा आलेल्या म्हातारीसारखं, पहिलं अक्षर लांबवत, शेवटचं जवळजवळ गिळत तिने हळूच म्हटलं, "भुवना."

पलीकडे घंटा झाली, गलका वर्गांत गेला, सगळं सामसूम झालं. फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.