कोंबडीनं खाल्लेल्या सात्या

केशोरीत तेव्हा मोबाइलची रेंज अंगणातच मिळायची. कुंताबाई तिथं उभी राहून लेकीशी, भूमेश्वरीशी, बोलत होती. भूमेश्वरी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. बोलणं सात्यांवर, रानातल्या अळिंब्यांवर, आलं.

"आज जंगलाकडच्या सात्या रांधल्या वो. तुया बाबानं दुपारी ताट पुसून खाल्लं. मले सोमवार होता."

"वारुळावरच्याच होत्या ना?"

"नाही, झाडाखालच्या. पांढऱ्याफेक. बुडाशी अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी वाटी."

"वाटी? नक्की?" लेकीनं दोनदा विचारलं.

"कोंबडीले आधी चारल्या ना मी!" कुंताबाई घाईनं म्हणाली. सासूनं शिकवलेली रीत होती ती. अनोळखी सात्या आधी कोंबडीपुढं टाकायच्या, तिला टोपल्याखाली झाकायची, घरकाम आवरेपर्यंत ती धड राहिली तर चूल पेटवायची.

"माय, कोंबडीले पचते ते माणसाले पचतेच असं नाही. म्हणून तर आमच्या इथं उंदीर-ससे सोडून मशीन लावली. माणसाच्या लिव्हरच्या बारीक पेशी प्लेटच्या खळग्या-खळग्यात ठेवतात, मशीन आपोआप एकेकीवर विषाचा थेंब टाकते, कोणती मरते ते पाहते. हे विष उशिरा चढते माय. बाबा आता बरे दिसतीन. तरी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने."

तिचा नवरा लखनलाल अंगणातच खाटेवर पान खात बसला होता. फोनमधलं ऐकू येताच हसत सुटला. "हैदराबादची मशीन मले केशोरीत मारून राहिली का? ते पाय तुयी कोंबडी!" त्यानं बोट दाखवलं.

कोंबडी उकिरडा उकरत होती, धडधाकट. एरवी तिच्याकडं पाहून कुंताबाईला धीर यायचा. आज अंगावर काटा आला. ती धावत शेजारच्या दुधरामच्या घरी गेली. "भाऊ, जीप काढ. कायले ते विचारू नको."

वाटेतल्या प्रतापगडाचा डोंगर अंधारात मागं पडला. तिथल्या दर्ग्याच्या दिशेनं तिनं हात जोडले, पण नवस काय बोलावा ते सुचेना. लखनलाल जीपमध्येही थट्टाच करत होता. अर्जुनीच्या अलीकडं त्यानं एकाएकी दुधरामचा खांदा धरला. "दुधराम, थांबव गा."

रस्त्याच्या कडेला तो वाकून ओकू लागला. कुंताबाईनं त्याची पाठ धरली. सदरा घामानं चिंब होता.

अर्जुनीच्या डॉक्टरनं सलाइन लावून त्याला गोंदियाला पाठवलं. तिथं त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. "वेळेत आणलं म्हणून आशा आहे," एवढंच डॉक्टर म्हणायचे, आणि कुंताबाई रोज उजाडताच आधी त्याच्या पापण्या उलटून पाहायची.

पिवळेपणा उतरला, तो घरी आला. जीपचा आवाज ऐकून कोंबडी दाण्याच्या आशेनं पायाशी धावत आली. कुंताबाई किंचाळून मागं सरली.