तारेचं यंत्र आणि रुख्मिणीची जागा

मी तारेचं यंत्र बोलतोय. बोलतोय कसला, कटकटतोय. दुसरं काही मला कधी आलंच नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तार-ऑफिसात टेबलाला स्क्रूने जखडून मी वर्षानुवर्षं राबलो. गाव सांगत नाही. सांगून कोणाचं भलं होणार आहे?

महाराष्ट्र नवानवा झाला होता. लोकांना नागरीत तार करायची हौस आली होती. इंग्रजी अक्षरांचे ठोके वेगळे, नागरीचे वेगळे. आमचे तारबाबू किसनराव दोन्ही शिकलेले. ते रजेवर गेले नि बदली म्हणून इंद्रभान आला. शर्टाला कडक इस्त्री, पण नागरीचा एक ठोका ठाऊक नाही.

एका सकाळी नागपूरहून तार आली. मी चोख वाजवली : रुख्मिणीला नर्सच्या शिक्षणात जागा मिळाली, सोमवारी घेऊन या. रुख्मिणी म्हणजे उकंडरावांची लेक, नवऱ्यानं माघारी धाडलेली. त्या जागेवर तिचं पुढचं सगळं टांगलेलं होतं. इंद्रभानने ठोके इंग्रजी समजून उतरवले. कागदावर नुसता कचरा पडला. ‘पुन्हा पाठवा’ एवढं विचारायचं होतं. पण पलीकडचा हसेल ना! मारला शिक्का. पत्ता तेवढा इंग्रजीत होता, म्हणून तो कचरा बरोबर घरी पोचला.

खेड्यात तार यायची ती मरणाचीच. तिथं आधी रडतात, मग वाचतात. उकंडरावांच्या बायकोने, गोजरबाईने, नवऱ्याच्या हातात कागद पाहूनच हंबरडा फोडला. वाचता कोणालाच येईना, तेव्हा तर खात्रीच पटली. नागपुरात आपला माणूस एकच, उकंडरावांचा थोरला भाऊ जानराव.

हे नि पुढचं मला कळलं ते उकंडराव नागपूरहून परत येऊन ऑफिसात ओरडले तेव्हा. त्यांनी डोक्यावरचा रुमाल ओढून काढला. टक्कल चकचकत होतं.

“बाबू, हे पाह्य! भावाले मूलबाळ नाही, अग्नी मलेच द्या लागंल. शहरात न्हावी कुठं हुडकू, म्हनून इथूनच भादरून गेलो. दार कोनं उघडलं असंल?”

इंद्रभान शिक्क्याची शाई पुसू लागला.

“भावानंच! मले पाहून म्हने, ‘उकंड्या, कोन गेलं बे?’ म्या म्हनलं, तूच!”

पोस्टाची तिकिटं घ्यायला आलेला एक जण फिसकन हसला.

“हासू नको बे. मंग त्यानं इचारलं, म्या तार केली, तरी पोरगी काऊन नाही आनली? म्या म्हनलं, घरी सुतकात बसून राह्यली.”

उकंडराव नागपुरात पोचले तो दिवस सोमवारच होता. जागा दुसरीला गेली.

रुख्मिणी बाहेर पायरीवर उभी होती. ती आत आली नाही.

इंद्रभान खाली मान घालून म्हणाला, “यंत्रात बिघाड होता.”

झालं! स्क्रू काढले, मला मागच्या खोलीत फेकलं. इंद्रभान मोठ्या गावी गेला, बढतीवर. रुख्मिणी लोकांच्या वावरात कापूस वेचते.

कोणी ऐकत असाल तर एवढंच सांगतो. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, त्यात काही मरण नाही. आणि मला दुरुस्तीला नेऊ नका. मी बिघडलोच नव्हतो.