एका अँटेनावरचे तीन आवाज

पंढरीने कानांवरचा हेडफोन दोन्ही तळहातांनी घट्ट दाबून धरला. खाडीतल्या होडीवरून त्याची मुलगी रुचिता काहीतरी सांगत होती. "बाबा, दोर..." एवढेच शब्द स्पष्ट उमटले आणि पुढचे सारे वाक्य खरखरीत बुडाले. त्या खरखरीच्या आत विसर्जन समितीच्या भाऊंचा आवाज, चिंध्या झालेल्या अवस्थेत का होईना, ओळखू येत होता.

भाऊ त्याच्या पाठीमागेच, गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत, माइक ओठांशी धरून बसले होते.

"भाविकांना नम्र विनंती, निर्माल्य पाण्यात टाकू नये!"

हे शब्द घाटावरच्या कर्ण्यांतून गर्दीवर पसरत होते.

ठाकुर्लीच्या त्या उंच इमारतीवर अँटेना एकच होता. विसर्जनाच्या दिवशी गर्दीमुळे मोबाइल निकामी होतात, म्हणून जीवरक्षकांची होडी, रुग्णवाहिका आणि भाऊंच्या समितीच्या सूचना, असे तिन्ही वायरलेस संच त्यालाच जोडलेले होते. सकाळी पंढरीने एकेक संच स्वतंत्रपणे तपासला होता आणि प्रत्येक निर्दोष आढळला होता. एकाने बोलावे, दुसऱ्याने थांबावे, ही वायरलेसची शिस्त त्याच्या अंगी इतकी मुरली होती, की दोघे एकाच वेळी बोलले तर काय होईल, हे पाहण्याचे त्याला सुचलेच नाही. आता रुग्णवाहिकेच्या संचावर बसलेली देवयानी आणि भाऊ एकत्र बोलले, की दोघांच्या लहरींतून तिसरीच लहर उत्पन्न होई, आणि ती नेमकी होडीच्या वाहिनीवर जाऊन बसे.

"भाऊ, जरा माइक खाली ठेवा."

"का रे? आत्ता कुठे मोठे गणपती निघालेत."

"देवयानीताईंची लहर अँटेनातून उलटी तुमच्या संचात शिरते. तिथे भेसळ होते. माझ्याकडे आयसोलेटर आहे. तो तुमची लहर बाहेर सोडतो, दुसऱ्याची आत येऊ देत नाही. पण बसवायला संच बंद करायला लागेल."

"बंद? अरे, वर्षातून एक दिवस माझं कोणी ऐकतं. घरी तर तेही नाही! त्या बाईंना गप्प कर की."

"मी गप्प बसते," टेबलापलीकडून देवयानी म्हणाली. "पेशंट तुम्ही उचला खांद्यावर."

पंढरीने वाद घातला नाही. त्याने हेडफोन काढला आणि भाऊंच्या कानांवर चढवला.

"आता बोला. देवयानीताई, तुम्हीही."

भाऊंनी बटण दाबले. "भाविकांना नम्र..." एवढे बोलताच कानांत स्वतःचाच फाटका आवाज ऐकून ते थबकले. त्यांचा अंगठा आपोआप सुटला. हेडफोनमधून बाहेर निसटलेला बारीक आवाज पंढरीलाही ऐकू आला.

"...केव्हाची ओरडतेय. बाबा, ऐकताय ना?"

भाऊंनी हेडफोन परत दिला आणि स्वतःच्या हाताने आपल्या संचाची वीज बंद केली.

पंढरीने रुचिताला उत्तर दिले व स्क्रू ड्रायव्हर उचलला. बोटांना घाम सुटल्याने जोडणीची चकती पुन्हा पुन्हा निसटत होती. तेवढ्यात देवयानीला घाटावरून निरोप आला.

"कर्णे बंद पडलेत म्हणून पायऱ्यांवर रेटारेटी चाललीय. पंढरीदादा, लवकर करा."

त्याने मान वर केली नाही. भाऊ त्याच्यासमोर टॉर्च धरून उभे होते.

अखेरीस जोडणी घट्ट बसली. वीज सुरू झाली.

"दोघेही एकदम बटण दाबा."

हेडफोनमध्ये संपूर्ण शांतता होती. पंढरीने सुटकेचा श्वास घेतला, आणि तत्क्षणी त्याची दृष्टी भाऊंच्या संचावर गेली. तिथला लाल दिवा लागलेला नव्हता.

"भाऊ, तुम्ही बटण दाबलंच नाहीत."

"नको रे. पोरगी पाण्यात आहे."

"न दाबता कळणार कसं? आणि पायऱ्यांवर माणसं आहेत."

भाऊंनी डोळे मिटले. लाल दिवा लागला. देवयानी चाचणीचे आकडे म्हणू लागली; भाऊ बोलले नाहीत, पण लहर जायला दाबलेले बटणच पुरेसे होते. पंढरीने हेडफोन कानांवर दाबला. क्षणभर काहीच आले नाही. मग:

"बाबा, मोठी मूर्ती येतेय. मी होडी मधे नेते. ओव्हर."

प्रत्येक अक्षर स्वच्छ होते. पंढरीचे डोके टेबलाकडे झुकले. ते पाहून भाऊ घाबरून पुढे वाकले.

"आली का रे? पोरगी ऐकू आली का?"

त्यांचा अंगठा अजून बटणावरच होता.

थोड्याच वेळात रुचिताचा आवाज पुन्हा आला, या वेळी धास्तावलेला.

"बाबा, कर्ण्यांवर भाऊ कुठल्या पोरीचं विचारतायत? कोणी हरवलंय का? सगळे पाण्याकडे बघायला लागलेत. ओव्हर."

पंढरीने माइक उचलला.

"सापडली," तो म्हणाला. "तू ने होडी. ओव्हर."