माळा ऐका

आमच्या ताईच्या बँडचं नाव ‘माळा’, कारण तो जन्मलाच माळ्यावर. खाली बाबांचं सोफे शिवायचं दुकान आणि वर माळा. तिथे फोमचे तुकडे, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि एक पाय मोडलेली आरामखुर्ची असते. त्याच पसाऱ्यात गेल्या वर्षापासून ताई, काडीदादा आणि दातवाली अशी तिघं संध्याकाळी गाणी बसवतात. काडीदादा ड्रम वाजवतो. त्याला काडी का म्हणतात, ते त्याला एकदा बघितलं की विचारावं लागत नाही. दातवाली बेस गिटार वाजवते आणि दिवसा दातांच्या कॉलेजात शिकते. तिच्यासमोर हसलं की ती आपल्या हसण्याकडे नाही, दाढांकडे बघते. ताई गाते, गिटार वाजवते आणि गाणी लिहिते. फोममुळे आवाज बाहेर जात नाही. बाबा म्हणतात, “फोमचा इतका चांगला उपयोग मला तीस वर्षांत सुचला नव्हता.” हे कौतुक आहे की टोमणा, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

मी नववीत आहे आणि या बँडची प्रसिद्धीप्रमुख आहे. हे पद मला कुणी दिलं नाही, मी घेतलं. गेल्या वर्षीपर्यंत मी उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नसे. मग वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी आमच्या वर्गाची मुलगी तापाने पडली, बाईंनी मला पुढे ढकललं आणि मी तिसरी आले. तेव्हापासून माझ्या हाताची खाली राहायची सवयच मोडली.

पद घ्यावं लागलं त्याचं कारण पहिला कार्यक्रम. वाचनालयाच्या तळमजल्यावर ऐंशी खुर्च्यांचं सभागृह आहे. आम्ही बारा भिंतींवर पोस्टर चिकटवली आणि सात माणसं आली. आई, बाबा, आत्या, दातवालीचे दोन मित्र, किल्ली त्यांच्याकडे असते म्हणून ग्रंथपालबाई, आणि एक आजोबा, जे पंख्याखाली बसून पेपर वाचायला आले होते आणि दुसऱ्या गाण्याला “जरा हळू” म्हणाले. घरी आल्यावर ताई गिटारच्या तारा सैल करत होती. मान वर न करता म्हणाली, “अजून एकदा करून बघते. तेव्हाही खुर्च्यांसमोरच गायचं असेल तर बास. गाणं माळ्यावरच बरं.”

ताई ओरडून काही म्हणाली तर ते खरं नसतं. हळू म्हणाली की पक्कं असतं.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर जाऊन जाहीर केलं, “भिंतीवर चिकटवणं बंद. भिंतीकडे बघतं कोण? सगळ्यांच्या माना खाली असतात. तिथे चिकटवायला हवं.”

“कुठे, चपलांवर?” काडीदादा म्हणाला.

“फोनवर. बँडचं खातं उघडू आणि गाण्याचे बारा सेकंद टाकू.”

ताईने गिटार बाजूला ठेवली. “गाणं चार मिनिटांचं आहे, छोटे. बारा सेकंदांत माझा धड श्वास घेऊन होत नाही.”

“पण बारा सेकंदांत लोकांचा अंगठा थांबायला हवा. तो थांबला, तर माणूस थांबतो.”

“हिला तिसरा नंबर उगाच नाही मिळाला,” दातवाली म्हणाली. तिने माझी बाजू घेतली की माझे दात तपासले, कोण जाणे, पण ठराव पास झाला. पुढचा कार्यक्रम दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी चार वाजता, त्याच सभागृहात.

आता माझ्या चुकीकडे येते. त्या साइटवर खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांतच द्यावं लागतं. मी झोकात टाइप केलं: एम, ए, एल, ए, ए, आय, के, ए. माळा ऐका. इंग्रजीत ‘ळ’ नसतो, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी तो माझ्या डोक्यात इतका स्पष्ट वाजत होता, की बाकीच्यांनाही ऐकू जाईल असंच वाटलं. मोडक्या आरामखुर्चीत बसून गाणाऱ्या ताईचे बारा सेकंद टाकले, खाली तारीख आणि वेळ लिहिली आणि शाळेला गेले.

दुपारी पहिली कमेंट आली. आत्याची. “बोल बाळा, ऐकतेय.”

मला वाटलं, आत्याचं काहीतरी भलत्याच जागी गेलं. ती एकदा लाइटबिलाच्या मेसेजला “अभिनंदन” म्हणाली होती. मी फोन लावला.

“अगं, तूच म्हणालीस ना, मला ऐका म्हणून?” आत्या म्हणाली. “मी म्हटलं, पोरीच्या मनात काहीतरी आहे. काय झालं? शाळेत कुणी बोललं का?”

मी नाव पुन्हा वाचलं. मला ऐका. तोंडात मारल्यासारखी मी बघत राहिले. संध्याकाळी काडीदादाने तेच नाव वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, “मलाई का? कशावरची मलाई?”

“बदल ते,” ताई म्हणाली.

“बदलता येत नाही. एकदा घेतलेलं नाव पंधरा दिवस तसंच राहतं.”

“आणि कार्यक्रम?”

“तेराव्या दिवशी.”

मी सगळ्यांची माफी मागणार होते. पण तेवढ्यात एक वेगळीच गंमत सुरू झाली. कुठल्या तरी शाळेतल्या एका मुलीने आमचे बारा सेकंद उचलले, पाठीमागे लावले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “मला ऐका. मी डावखुरी आहे आणि आमच्या वर्गातली सगळी बाकं उजव्या हाताची आहेत.” बस्स, एवढंच. तिच्यानंतर एका पोस्टमनकाकांनी, सायकलवर बसल्या बसल्या: “मला ऐका. ‘आमचा कुत्रा काही करत नाही’ असं ज्या घरात म्हणतात, त्याच घरातला कुत्रा करतो.” मग एक केस कापणारे: “मला ऐका. तुम्ही म्हणता थोडेसेच कापा, आणि बोटांनी दाखवता चार इंच.” प्रत्येकाच्या मागे ताईचा आवाज. आणि प्रत्येकाच्या खाली, न चुकता, आमच्या आत्याची कमेंट: “बोल बाळा, ऐकतेय.” पोस्टमनकाका पन्नाशीचे असतील. त्यांनी तिला हात जोडलेले पाठवले आणि लिहिलं, “फार वर्षांनी कुणी बाळ म्हणालं.”

पाच दिवसांत असे दोनशे बारा व्हिडिओ झाले. शाळेत मधल्या सुट्टीत तीन मुली माझ्यासमोरून ती चाल गुणगुणत गेल्या आणि त्यांना माहीतही नव्हतं, की ती आमच्या माळ्यावरची आहे. माझे पाय जमिनीवर नव्हते. मी धावत घरी आले आणि ताईला सगळं दाखवलं. तिने सात-आठ बघितले आणि फोन परत दिला.

“यात मी कुठे आहे?”

“मागे.”

“मागे. सोफ्यातल्या फोमसारखी. लोक कापडाचा रंग बघतात.”

खालून, शिलाई मशीन थांबवून, बाबा म्हणाले, “फोमशिवाय बसून दाखवा म्हणावं.”

ताई हसली, पण तेवढ्यापुरतीच. मी म्हटलं, दुसऱ्या गाण्याचेही बारा सेकंद टाकू, तिसऱ्याचेही. ती नाही म्हणाली. “उरलेलं तिथे येऊन ऐकू दे. सगळेच तुकडे वाटले, तर गाणं कुठे राहिलं?” हे ती हळू म्हणाली, म्हणून मी वाद घातला नाही. फक्त रोज कार्यक्रमाची तारीख आणि वेळ तेवढी टाकत राहिले.

रविवारी साडेतीनलाच वाचनालयाच्या पायऱ्यांवर माणसं दिसायला लागली. पावणेचारला ऐंशी खुर्च्या भरल्या. ग्रंथपालबाई वाचनकक्षातली स्टुलं आणायला धावल्या आणि पहिल्या खेपेलाच म्हणाल्या, “गेल्या वेळची सात माणसं कुठे आणि हे काय.” मी पडद्यामागे ताईकडे गेले. मला वाटलं ती मला मिठी मारेल. ती फटीतून बाहेर बघत होती आणि तिचा चेहरा उतरलेला होता.

“हे माझं गाणं ऐकायला नाही आलेत, छोटे. हे स्वतःचं ऐकवायला आलेत.”

“असं कसं म्हणतेस?”

“जा, विचार कुणालाही.”

मी खाली गेले. पहिल्या रांगेत पोस्टमनकाका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी काही विचारायच्या आत त्यांनीच मला विचारलं, “बाळ, बोलायचा नंबर कधी लागेल? मी तीन मुद्दे काढलेत.” त्यांच्या हातात खरंच कागद होता. पलीकडे केस कापणाऱ्यांच्या हातातही होता. मागे डावखुरी मुलगी आईला घेऊन आली होती आणि आई तिला सांगत होती, घाबरू नकोस, एवढंच बोल आणि खाली बस.

ऐंशी खुर्च्या भरल्या होत्या आणि ताई तरीही खुर्च्यांसमोरच गाणार होती. फक्त या वेळच्या खुर्च्या मधेच उठून बोलणार होत्या. आणि हे सगळं एका ‘ळ’मुळे, म्हणजे माझ्यामुळे.

पळून जायचा विचार आला, खोटं कशाला बोलू. पण मी मंचावर चढले. माइक ताईच्या उंचीचा होता, तो खाली ओढताना असा किंचाळला की सगळे गप्प झाले.

“नमस्कार. मी या बँडची प्रसिद्धीप्रमुख. माझ्याकडून एक चूक झालीय. बँडचं नाव माळा आहे. आम्ही माळ्यावर गाणी बसवतो म्हणून माळा. मला लिहायचं होतं, माळा ऐका. इंग्रजीत ते मला ऐका झालं. तुम्हाला वाटलं इथे बोलायचंय. इथे बोलायचं नाहीये. इथे माझी ताई गाणार आहे, आठ गाणी, पूर्ण. ज्यांना जायचंय त्यांनी आत्ता जा, कुणी रागावणार नाही. पण जे बसतील त्यांनी ऐकायचं.”

मग मागून आत्याचा आवाज आला, “म्हणजे बाळातला ळ का गं?”

“हो, तोच.”

लोक हसले. पोस्टमनकाकांनी कागदाची घडी घातली. “मग आमचे मुद्दे?”

“मुद्दे घरी घेऊन जा, काका. ते फोनवर बोला, तिथे आत्या आहे.”

केस कापणारे खुर्चीत मागे रेलले आणि शेजाऱ्याला म्हणाले, “दिवसभर मी बोलतो आणि गिऱ्हाईक ऐकतं. एक दिवस उलटं झालं तर काय बिघडलं?”

पाच जण उठून गेले. मी मोजले. बाकीचे बसले.

ताई आली. काडीदादाने काठ्या आपटून चार मोजले आणि पहिलं गाणं सुरू झालं. ते प्रसिद्ध बारा सेकंद गाण्याच्या मध्यावर आहेत. ते आले, तसे सगळे फोन एकदम वर झाले आणि सगळं सभागृह ताईबरोबर गायला लागलं, अगदी ग्रंथपालबाईसुद्धा, स्टूल हातात धरून. आणि मग तेरावा सेकंद आला. तिथून पुढे कुणालाच काही माहीत नव्हतं. लोक तोंड उघडं ठेवून अडकले. ताईही अडकते की काय असं मला वाटलं, पण ती डोळे मिटून पुढे गेली, गाणं खाली उतरतं तिथे उतरली, परत वर आली. फोन एकेक करून मांडीवर गेले. कुठे थांबवायचं हेच कळत नसेल, तर माणूस काय रेकॉर्ड करणार?

तिसरं गाणं शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या किल्लीचं आहे. एक बाई वर्षानुवर्षं शेजारणीची किल्ली सांभाळते आणि शेजारीण परत येतच नाही, असं काहीतरी. मला ते माळ्यावर कधी फारसं आवडलं नव्हतं. त्या दिवशी, मधे एकाला खोकला आला, तर आजूबाजूच्या चौघांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो उरलेलं गाणं श्वास रोखून बसला. दातवालीने मला खुणेने दाखवलं: डावखुऱ्या मुलीची आई डोळे पुसत होती.

कार्यक्रम संपला, लोक पांगायला लागले. काडीदादा ड्रम आवरत होता आणि मी स्टुलं एकात एक घालत होते. तेवढ्यात ताई माझ्या शेजारून तीरासारखी बाहेर गेली. मला वाटलं, काय झालं आता. मागोमाग गेले.

बाहेर पायऱ्यांवर पोस्टमनकाका सायकलचं कुलूप काढता काढता तिसरं गाणं गुणगुणत होते. चुकीचं.

“काका,” ताई म्हणाली, “तिथे वर नाही जायचं. खाली यायचं.”

“कुठे?”

“‘किल्ली’ या शब्दावर.” तिने गाऊन दाखवलं.

काकांनी गायलं. पुन्हा वरच गेले. केस कापणारे पायरीवर थांबले, म्हणाले, “असं बघा,” आणि त्यांनीही चुकीचंच गायलं, पण जास्त आत्मविश्वासाने. डावखुरी मुलगी आईचा हात सोडून परत आली. काडीदादाने कठड्यावर बोटांनी ठेका धरला. ताई पायरीवर बसली, गिटार नव्हती तरी मांडीवर बोटं वाजवत, आणि मी तिला अनोळखी माणसांशी इतक्या जोरात बोलताना पहिल्यांदाच बघत होते.

ग्रंथपालबाई वही घेऊन दारात आल्या. “पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार रिकामा आहे. लिहू का?”

मी प्रसिद्धीप्रमुख, म्हणून उत्तर द्यायला तोंड उघडलं.

“लिहा,” ताई म्हणाली, मागे वळूनही न बघता. “काका, पुन्हा. किल्लीपासून.”