माझ्यासारखीच, परक्या नावाची

मित्रांनो, दिवेआगरात शिवदास फिटरच्या वर्कशॉपमध्ये ताडपत्रीखाली उभी असते, ती मी, सुपारी सोलणारी एक जुनी मशीन.

मला शिवदासने आणि त्याच्या मुलीने, क्रांतीने घडवले. सुक्या सुपाऱ्या सोलताना क्रांतीच्या आईची, जनीची, बोटे फाटत. म्हणून बापलेकीने जुन्या पंपाची मोटर आणि सायकलच्या साखळ्या जुळवल्या. कितीदा माझे पाते बसवले, कितीदा काढले. अखेर एका दुपारी सुपारी अख्खी आणि साल वेगळी, अशी बाहेर पडली. जनीने ती फिरवून पाहिली आणि पुढची टोपली माझ्यापाशी ओढली. ते माझे पहिले कौतुक.

मग सगळेच वाडीवाले मला मागू लागले. पण एकेक मशीन हाताने घडवायला शिवदासचे डोळे साथ देईनात. तेव्हा हर्षद नावाच्या दलालाने चीनमधल्या एका कारखान्याशी बोलणे लावले. त्यांनी मशिनी बनवायच्या, क्रांतीने विकायच्या. कारखान्याने आधी फोटो मागवून घेतले, मग नमुना मागितला.

क्रांतीला श्रीवर्धनच्या दत्तात्रेय वकिलांना विचारावेसे वाटले. हर्षदने अडवले. "आत्ताच वकील कशाला? त्यांना वाटेल आपला भरवसा नाय. करार ठरला की बघू." त्याने गुप्ततेचा, इंग्रजीतला एक तयार कागद आणला. दोन्हीकडून सह्या झाल्या. शिवदासने मला पुसून खोक्यात भरले आणि न्हावा शेवा बंदरातून मी बोटीने चीनला गेले.

तिथे माझा स्क्रू न् स्क्रू सुटा झाला. प्रत्येक भाग मोजला गेला. मी ओरडणार तरी कशी? काही महिन्यांनी मी परत आले. जमणार नाही, एवढाच निरोप होता.

पुढच्या हंगामात बाजारात निळ्या रंगाची, परक्या नावाची मशीन आली. शेजारच्या हिरामणच्या अंगणात शिवदासने ती उघडून पाहिली. माझ्या पत्र्यात त्याच्या हातून चुकून पडलेले एक भोक होते. त्या मशीनलाही ते होते.

मग वकील आले. त्यांनी कागद दोनदा वाचला. "दुसऱ्याला दाखवू नका, एवढंच यात आहे. कारखान्यानं स्वतः बनवू नये, असं कुठंय? आणि भांडायचं मुंबईच्या कोर्टात. इथल्या निकालाला तो कारखाना कशाला भीक घालेल?"

"मग तुमच्याकडं कधी यायला हवं होतं?" क्रांतीने विचारले.

"पहिला फोटो पाठवायच्या आधी."

मग शिवदास म्हणाला, "म्हंजे आता ती आमची न्हाय."

क्रांती हल्ली न्हावा शेवाच्या एका गोदामात कामाला आहे. निळ्या मशिनी बिघडल्या की लोक शिवदासकडेच आणतात. तो त्या दुरुस्त करून देतो.

मित्रांनो, दूरदेशीच्या माणसाशी व्यवहार जरूर करा. पण वकील भांडणासाठी राखून ठेवू नका. तिकडचा कायदा जाणणारा माणूस शोधा आणि आपली वस्तू दाखवण्याआधी त्याला शेजारी बसवा. शिवदासच्या डोक्यात आता नारळ सोलायची मशीन आहे, असे तो मध्ये जनीला म्हणाला. पण आराखड्याची खडूची एक रेघही त्याने अजून ओढलेली नाही.