मागच्या भिंतीची ओल

दादाला ती इमारत घ्यायची होती. दोनच मजले, सहा बिऱ्हाडं, गिलाव्याचे पोपडे सुटलेले, आणि म्हणूनच त्याच्या आवाक्यातली. निवृत्तीची सगळी पुंजी तिच्यात घालायची आणि पुढे भाड्यावर निवांत जगायचं, असा त्याचा बेत होता. माझी हयात प्रयोगशाळेत गेली, म्हणून भिंती तपासायला त्याने मला सोबत घेतलं. दुधातलं पाणी शोधतेस, तर भिंतीतलं शोधायला काय लागतं, म्हणाला.

वरचा मजला बरा होता. तळमजल्यावर मागच्या खोलीत शिंपीकाका आणि काकू राहायचे. तिथली भिंत कमरेपर्यंत काळपट पडली होती. अशी ओल एकतर खोलीतल्या दमट हवेची असते, नाहीतर जमिनीतून वर चढलेली. मी प्लास्टिकचा एक तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला. थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला जमले तर दोष हवेचा, आतून जमले तर पायाचा. काकूंनी विचारलं, म्हणून त्यांनाही हे समजावून सांगितलं. त्यावर दादा म्हणाला, की पाया ओला निघाला तर तळमजला रिकामा करून खणावा लागेल. कोरडा निघाला तर आहे तसं चालू दे. ते दोघं तिथे नसल्यासारखंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तर प्लास्टिक दोन्ही बाजूंनी कोरडं. दादाचा चेहरा खुलला. घेऊन टाकू या, म्हणाला. काकांनी लगेच माझ्यासाठी स्टूल पुसलं.

मी पट्टीकडे बघत होते. मी लावलेली एका कोपऱ्यात दुमडली गेली होती. ही मात्र सरळ होती, कापडाला किनार लावावी तशी. मी भिंतीवर तळहात ठेवला. भिंत गरम होती. शिलाई मशीनच्या पायाशी जड इस्त्री उभी होती, शेजारी पिवळं पडलेलं फडकं.

गप्प राहिले असते तर ती दोघं तिथेच राहिली असती आणि दादाची पुंजी त्या भिंतीत मुरली असती. आत काकू खोकत होत्या. तो खोकलाही मी कालपासून ऐकत होते.

"काका," मी विचारलं, "कधीपासून इस्त्री फिरवताय?"

दादाला काही कळेना. काका स्टुलावर बसले.

"सकाळपासून. जन्मभर लोकांच्या सुरकुत्या मोडल्या, ताई. ही भिंत तेवढी हट्टी निघाली. इकडे वाळवावी तर तिकडून पाझरते."

दादा चिडला. चांगलंच बोलला त्यांना. मग काकांचे भाजलेले हात पाहून ओशाळला. आता मालकाकडून किंमत पाडून घेता येईल, हेही बहुधा त्याच्या ध्यानात आलं असावं. आवाज खाली आणून म्हणाला, काम उरकलं की परत या, जागा तुमचीच आहे. काकांनी हात जोडले.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, दादाकडे नाही. काल घरी जाताना दादा म्हणाला होता, की ही खोली नीट केली तर दवाखान्याला देता येईल, तिप्पट भाड्याने.

"ताई, तुम्ही खरं सांगता," काकू म्हणाल्या. "परत येऊ ना आम्ही?"

"नाही, काकू."

काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि काकांना म्हणाल्या, की मशीन अख्खं दारातून निघणार नाही, आणतानाही पाय सोडवावे लागले होते. काकांना ते आठवेना. मग त्याच खाली बसल्या, आणि पायांचे स्क्रू कुठे आहेत ते बोटांनी चाचपू लागल्या.