ओसरीपुढचा पत्रा

मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी एक जुना पत्रा आहे. साधा, लाटालाटांचा, जस्त लावलेला. मी लवकर तापतो. ऊन आलं की तापतो, वारा आला की खडखडतो आणि कुणी ओढाताण केली की सरळ कापतो. स्वभावच तसा, त्याला काय करणार? पण नजर मात्र तिखट. माझ्या अंगात खिळ्यांची सहा भोकं आहेत आणि सहाच्या सहा भोकांतून मला दिसतं.

मी शाळा शिकलेलो नाही. शिकणार होतो. एका शाळेच्या छपरासाठी मला टेम्पोत घालून आणलं होतं. उतरवताना माझा एक कोपरा दुमडला. बस, तेवढंच. छप्पर घालणारा म्हणाला, हा नको, ह्यातून पाणी गळेल. बाकीचे पत्रे वर चढून पाढे ऐकत बसले आणि मी बाहेर भिंतीला टेकून उभा. शाळेत पाय ठेवण्याआधीच माझी शाळा सुटली. त्याचा राग मला अजून येतो.

तिथून मला उचललं गोव्यातल्या कारापूरच्या कृष्णनाथांनी. माझ्यासारखे आणखी चार टाकलेले पत्रे त्यांनी गोळा केले आणि आम्हा पाचांना घरी नेलं. घर अगदी रस्त्याला लागून. चिऱ्याच्या भिंती, वर नळे म्हणजे कौलं, पुढे ओसरी. आणि त्या रस्त्यावरून तेव्हा काय जायचं माहीत आहे? खनिजाचे ट्रक. एकामागून एक, एकामागून एक, मोजायला गेलात तर बोटं संपतील. प्रत्येक ट्रक जाताना लाल धुळीचा लोट उठायचा आणि तो थेट ओसरीत. वाळत घातलेला पंचा लाल. ताटातला भात लाल. पदेर पाव देऊन गेला आणि पाव मेजावर जरा राहिला, तर पावही लाल.

कृष्णनाथांचा मुलगा सर्वेश तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला खोकला लागला होता, थांबतच नव्हता. म्हणून आम्हाला आणलं. ओसरीच्या खांबांना आडव्या पट्ट्या मारल्या आणि त्यांच्यावर आम्हाला ठोकलं, खालपासून वरपर्यंत. मी मधला. ठोकताना कृष्णनाथ बायकोला म्हणाले की चार दिवसांचा प्रश्न आहे, धूळ कमी झाली की काढू.

मी छाती पुढे काढून उभा राहिलो. सगळी धूळ अंगावर घेतली. आठवड्यात सर्वेशचा खोकला थांबला. त्याची आई पद्मावती बाहेर आली, माझ्यावर दोन थापा मारल्या आणि म्हणाली, "शाबास रे." मित्रांनो, शाळेच्या छपरावर चढलेल्या एकाही पत्र्याला कुणी शाबास म्हटलं नसेल.

पुढे काही वर्षांनी खाणी थांबल्या आणि ट्रक बंद झाले. एका दिवसात. रस्ता एकदम मोकळा. मी म्हटलं, आता आम्हाला काढतील. कुणी काढलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही. चार दिवसांची अठरा वर्षं झाली. माझ्यामागे ओसरीत अडगळ साठत गेली. बिघडलेलं वॉशिंग मशीन, रिकामी पोती, पाय मोडलेलं कदेल, म्हणजे खुर्ची, आणि सर्वेशची लहानपणची सायकल. आत एवढा काळोख की भर दुपारी दिवा लावावा लागायचा. माझ्यावर निवडणुकीचे कागद चिकटवले गेले, ते पावसात सुटले, पुन्हा चिकटवले गेले. मी गंजलो. माझ्याकडे बघून कुणी थाप मारली नाही.

आता ह्या वर्षीची गोष्ट. इथून पुढे मी जरा भरभर सांगतो, कारण आठवलं की अजून थरथर होते.

सर्वेश आता पंचवीस वर्षांचा. मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. कारापूरहून पहाटे निघायचं, दिवसभर भाडी मारायची आणि वाटेल त्या वेळी परत यायचं. मार्चमध्ये एकदा परत येताना त्याला चालवता चालवता झोप लागली. गाडी मोरीच्या कठड्याला घासली. तो वाचला, दरवाजा चेपला. तेव्हापासून पद्मावतीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिचं माहेर पेडण्यात, हळर्णला. तिथून मोपा जवळ. तिच्या भावाच्या शेजारचं एक लहान घर विकायला निघालं होतं आणि त्या घराचा मालक म्हणाला होता, गणपतीच्या चवथीपर्यंत थांबतो, पुढे नाही. म्हणजे चवथीच्या आत कारापूरचं घर विकलं गेलं पाहिजे. आणि चांगल्या भावात.

गिऱ्हाइकं आली तीन. मी तिघांनाही भोकांतून नीट बघितलं. पहिला गाडीतून उतरलाच नाही. दुसऱ्याने विचारलं, हे गोदाम आहे काय? तिसरा पायरीपर्यंत आला, आत काळोखात डोकावला आणि फोन करतो म्हणाला. त्याचा फोन अजून यायचा आहे. मी रागाने असा खडखडलो की त्याचा कुत्रा माझ्यावर भुंकला.

मग सर्वेशने ठरवलं, ओसरी नवी करायची. घेणारा आधी ओसरीच बघतो, ती झकास दिसली तर भाव वाढतो. हे ऐकलं आणि मी खिळ्यांतून उडी मारायचा बाकी राहिलो. नवी ओसरी! म्हणजे मला रंग मिळणार. हिरवा की निळा? मला हिरवा आवडतो.

घरात नुसती धमाल. सर्वेशला पाहिजे होत्या सरकत्या काचा, चकचकीत फरशी, प्लास्टिकचं छत आणि त्यात रंग बदलणारे दिवे. त्याने मोबाईलवर एका हॉटेलची ओसरी दाखवली. कृष्णनाथांना लोखंडी ग्रिल पाहिजे होतं, कारण घेणाऱ्याला आधी सुरक्षित वाटलं पाहिजे. सर्वेश म्हणाला, ग्रिल लावलं तर बँकेच्या काउंटरसारखं दिसेल. कृष्णनाथ म्हणाले, काच लावली तर सलूनसारखं. दोन दिवस बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी पद्मावती म्हणाली, "आधी ती अडगळ भायर काढा. मगे काय ता भांडा."

आणि बोलावलं केरबा मेस्ताला. केरबा मूळचा चंदगडकडचा, पण वीस वर्षं डिचोलीत गवंडीकाम करतो. त्याने टेप काढली आणि म्हणाला, माप घ्यायचं तर पत्रं काढायला लागतील.

काढायला? मला? माझा पारा चढला. केरबाने पहिला खिळा उपटला तेव्हाच मी त्याचा अंगठा कापला. त्याने अंगठा तोंडात घातला, माझ्याकडे बघितलं आणि दुसरा खिळा उपटला. मग बाकीचेही. मी खाली आलो. मला उचलून अंगणात माडाला टेकवून ठेवलं. माझी दोन भावंडं माझ्या डावीकडे, दोन उजवीकडे. आता संपलं, मी म्हटलं. आता भंगारवाला.

आणि मग मी समोर बघितलं.

मित्रांनो, अठरा वर्षं मी त्या घराला चिकटून होतो, पण ते घर मी समोरून कधी नीट पाहिलंच नव्हतं. लाकडी खांब, त्यांच्या माथ्यावर कोरलेली फुलं. मागे जुन्या जनेलांची, म्हणजे खिडक्यांची, हिरवी दारं. उजेड ओसरीत शिरला तो थेट आतल्या देवळीपर्यंत पोचला. अडगळ निघत गेली आणि पोत्यांच्या खालून भिंतीला लागून बांधलेली लांबलचक बैठक निघाली, दोन्ही बाजूंना. आमच्याकडे हिलाच सोपो म्हणतात. पद्मावतीने ओला फडका फिरवला. फडका गेला तिथे तिथे धूळ निघाली आणि खालचा लाल कोबा चमकायला लागला. धूळही लाल आणि कोबाही लाल, पण केवढा फरक.

सर्वेश बघतच राहिला. "हो सोपो आमचो?" त्याने विचारलं. "माका वाटला अडगळीचो माळोच आसा."

रस्त्यावरून शेजारची तारा जात होती. ती थांबली. "पद्मावती, आज घर उघडलंस गो," म्हणाली आणि सरळ येऊन सोप्यावर बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिच्यामागून आणखी दोघी आल्या.

केरबाने टेप खिशात टाकली. सर्वेशने विचारलं, माप? केरबा म्हणाला, "कशाचं माप घेऊ, मालक? काच लावशीला, घेणारा येऊन ती उपटून टाकंल. मग पैसं गेलं कुणाचं? म्होरल्याला काढाय लागंल असं काय बी लावू न्हाई."

मग काय करायचं, तेही त्याने सांगितलं. फुटलेले दोन नळे बदला, पावसात गळती दिसली तर सगळं वाया. तडकलेली पायरी बांधून घ्या, घेणाऱ्याचा पहिला पाय तिच्यावरच पडतो. खांबांना तेल पाजा. एक बरा दिवा लावा. बाकी हात लावू नका.

सर्वेश भडकला. ह्याला एवढं मोठं काम देतो आहे आणि हा नको म्हणतो. एवढीशी डागडुजी करून भाव कुठे वाढणार? चवथ जवळ आली, गिऱ्हाईक पळतं आहे आणि म्हणे हात लावू नका. तो तरातरा गेला आणि सोप्यावर पाय वर घेऊन बसला, सगळ्यांकडे पाठ करून. नदीकडून वारा येत होता. अठरा वर्षांनी तो ओसरीत शिरत होता, त्यालाही घाई झाली असणार. दहा मिनिटं झाली असतील. सर्वेशची मान कलली. आणखी थोड्या वेळाने तो आडवाच झाला. भर दिवसा, चार बायका बोलत असताना, थंडगार कोब्यावर गाल टेकून पोरगा गाढ झोपला.

तारा उठायला लागली. पद्मावतीने तिला हाताने थांबवलं. "बोला तुमी," ती हळूच म्हणाली, "त्याका झोप येता हांगा." आणि मार्चपासून पहिल्यांदा मी तिचे खांदे खाली आलेले बघितले.

दोन तासांनी सर्वेश उठला. डोळे चोळले, खांबाकडे बघितलं, केरबाकडे बघितलं. "काच रावूं दी, मेस्ता," म्हणाला. एवढंच. कृष्णनाथांनी ग्रिलचं नाव पुन्हा काढलं नाही.

काम आठ दिवसांत झालं. नवव्या दिवशी चौथं गिऱ्हाईक आलं. साखळी गावच्या इस्पितळात नर्स असलेली सुविधा आणि तिचे वडील भिकाजी. मी माडाला टेकून श्वास रोखला. गाडी थांबली, दोघं उतरली. पायरीवर पाय ठेवला, पायरी हलली नाही. भिकाजी कुणी सांगायच्या आत सोप्यावर बसले. मला नाचावंसं वाटलं, पण वारा नव्हता.

सुविधाची नजरही तिखट, अगदी माझ्यासारखी. खांबावर हात फिरवून तिने विचारलं, हे खिळ्यांचे व्रण कसले? सर्वेश पटकन म्हणाला, पावसाच्या झडीसाठी पत्रे होते. कृष्णनाथांनी मान हलवली. म्हणाले, "ना. पाऊस न्हय. मायनिंगची धूळ. ट्रक ह्याच रस्त्यान जायत. पोराक खोकलो झालो म्हणून अठरा वर्सांआदीं पत्रे मारले."

 मी सर्वेशचा चेहरा बघितला, गेलं घर असा. सुविधाने विचारलं, ट्रक परत सुरू झाले तर? कृष्णनाथ म्हणाले, "परत सुरू जावचे नाय असा मी सांगूक शकनय."

भिकाजी उठले. पत्रे कुठे आहेत, विचारलं. अंगणातून सरळ माझ्यासमोर आले. माझ्या लाटांत बोट घातलं, बोट लाल झालं. त्यांनी ते उन्हात धरून बघितलं आणि हसायला लागले.

"अठरा वर्सां?" ते म्हणाले. "मगे ह्यातली अर्दी धूळ माझीच. बावीस वर्सां मी ट्रक चालवलो, ह्याच रस्त्यार. हांगा खंयच्या खंयच्या घराचा दार बंद आसता ता माका पाठ." मग त्यांनी सगळ्या तळव्याने माझ्यावर दोन थापा मारल्या.

सुविधा ओसरीतूनच म्हणाली, "काका, पत्रे भंगारात घालू नकात. घराबरोबर आमकां दियात. खिळे पण."

मित्रांनो, ऐकलंत? घराच्या सौद्यात मी होतो. काचा नव्हत्या, ग्रिल नव्हतं, रंग बदलणारे दिवे नव्हते. मी होतो.

चवथीच्या पंधरा दिवस आधी कृष्णनाथांचं बिऱ्हाड हळर्णला गेलं. आता सर्वेश पंधरा मिनिटांत घरी पोचतो, असं तारा सांगत असते. नव्या घराच्या ओसरीला पुढे प्लास्टिकचा पडदा होता, तो पद्मावतीने पहिल्याच दिवशी काढला म्हणे.

आणि मी? भिकाजींनी मला खरवडलं, गंज काढला आणि रंग दिला. हिरवा. आम्ही पाचही जण मागच्या पडवीत विटांवर कोरडे निजलो आहोत, खिळे शेजारी डब्यात. कधी लागलोच तर पुन्हा उभा राहीन, छाती पुढे काढून.

तुमच्याही घरात बघा. कधीतरी कशासाठी तरी ठोकलेलं, अडकवलेलं काहीतरी असेलच. ज्याच्यासाठी ठोकलं ते संपलं असेल तर ते काढा. पण काढल्यावर टाकून देऊ नका. आधी दोन थापा मारा, मग पुसा आणि कोरडं ठेवा.

संध्याकाळी नदीकडून वारा येतो. आधी ओसरीत जातो, सोप्यावर बसलेल्यांना भेटतो, मग वळसा घालून मागे माझ्याकडे येतो. पूर्वी मी त्याला दारातच अडवायचो. आता तो आला की मी थोडासा खडखडतो, पण रागाने नाही.